जेतुकी पेहीचं बेट

थांबा रे. कोयता आधी खाली ठेवा.

नको म्हणत नाहीये मी. उरुकाची रात्र आहे, उद्या माघ बिहू, आज चोरी माफ. माझ्या तरुणपणी आम्ही हेडमास्तरांच्या अंगणाचं फाटक उचलून मेजीच्या लाकडांत रचलं होतं, आणि पहाटे मेजी पेटवली तेव्हा त्याच आगीवर हात शेकत मास्तर विचारत होते, "माझं फाटक कुणी पाहिलं का रे?" तेव्हा चोरी कशी करायची ते मला शिकवू नका. या रात्रीपुरत्या भेलाघराच्या पेंढ्याच्या भिंतीमागे, पन्नास पावलांवर, जेतुकी पेहीचं बांबूचं बेट आहे. हवे तेवढे बांबू तोडा. पेही स्वतःच सांगून गेलीय, गावाला मोकळं आहे म्हणून. फक्त त्या बेटाच्या नदीकडच्या अंगाला एक जुना खुंट आहे. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, कोयता टेकवायचा नाही, आणि त्याला ओलांडून जायचं नाही.

का, ते सांगतो. मेजी पहाटे पेटवायचीय आणि बदक अजून अर्धं कच्चं आहे. बसा. जुनमणि, तूही बस. गुवाहाटीच्या कॉलेजात भुतं शिकवत नाहीत, ठाऊक आहे मला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, पदुमच्या बाबतीत घडलं. तोच, बाजारात सायकली दुरुस्त करतो तो. त्याने खांद्यावर काही घेतलेलं कधी पाहिलंय तुम्ही? तांदळाचं पोतं असो नाही तर स्वतःचं पोर असो, जे काय नेईल ते हातात, नाही तर सायकलवर. खांद्यावर नाही. बावीस वर्षं झाली.

पण आधी पेही. तुमच्यातल्या निम्म्यांना ती आठवतही नसेल. नाव जेतुकी, सगळ्या गावाची आत्या, म्हणून पेही. मूळची इथली नव्हे. तिचं गाव नदीच्या वरच्या अंगाला होतं. होतं म्हणजे होतं, आता तिथे नदी आहे. ब्याण्णवच्या भाद्रपदात तिचं घर, गोठा, सुपारीची बाग, सगळं एका रात्रीत पाण्यात गेलं. नवरा आधीच वारलेला. मी तेव्हा सरकारी फेरीबोट हाकणारा सारंग झालो नव्हतो, माझी स्वतःची नाव होती, आणि त्या नावेतून मी लोकांना बांधावर आणून सोडत होतो. पेही चढली तेव्हा तिच्याजवळ दोनच गोष्टी होत्या. दहा वर्षांचं पोर, रातुल. आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला बांबूचा कंद, मातीसकट.

मी म्हटलं, "ताई, भांडीकुंडी सोडली आणि हे काय उचलून आणलंत?"

"सासऱ्यांच्या हातचं बेट आहे," ती म्हणाली. "भांडी बाजारात मिळतात."

आता बांबू कोण लावतो, हे तुम्हाला घरी सांगितलेलं असायला हवं. म्हातारा लावतो. ज्याचं सगळं करून झालंय तो. लावणाऱ्याचे दिवस बांबू मोजतो, असं आपल्याकडे म्हणतात. बेट भरलं, तिरडीला लागेल इतका जाड बांबू त्यात तयार झाला, की पहिली तिरडी तो लावणाऱ्याचीच मागतो. म्हाताऱ्याला त्याचं काय? तो म्हणतो, बरं झालं, घरच्या घरी सोय झाली. म्हणून घरात म्हातारा नसला तर शेजारचा बोलावतात, त्याच्यापुढे पान-सुपारी ठेवतात आणि त्याच्या हातून कंद मातीत घालतात.

पेहीला इथे जागा मिळाली तशी तिने कंद सावलीत ठेवला आणि ती म्हाताऱ्याला बोलवायला गेली. परत आली तर रातुल हातपाय चिखलाने माखून उभा. "आई, लावला मी! पाणीपण घातलं!" पोराला वाटलं, आई एकटी राबतेय, तेवढंच एक काम कमी.

तिने त्याला मारलं. जन्मात पहिल्यांदा. मग त्यालाच पोटाशी धरून रडत बसली. पोराला कळेना आपलं चुकलं काय. म्हाताऱ्याने कंद काढून पुन्हा आपल्या हाताने लावला, पण त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. पहिला हात तो पहिला हात.

उपटून फेकून का नाही दिला, म्हणतोस? बरं विचारलंस. कंद मेला तर लावणाऱ्याचं काय होतं, ते कुणाला माहीत होतं? ठेवला तर ही भीती, मारला तर ती भीती. बिचारीची इकडे आड तिकडे विहीर झाली.

मग तिने एकच केलं. बेट जपलं आणि तोडलं नाही. दर चैत्रात बुंध्याशी नदीचा गाळ घालायची, वाळका पाला काढायची, पावसाळ्यात कोंब फुटले की गुरांपासून राखायची. पण कोयता लावायचा नाही. एकही बांबू त्या बागेबाहेर जाऊ द्यायचा नाही. बांबू बाहेर गेलाच नाही तर त्याची तिरडी कशी होईल? एवढंच तिचं गणित. आणि दर बिहूला, जो बांबू सगळ्यांत जाड दिसेल त्याला जुन्या गामोसाची, अंग पुसायच्या पंचाची, लाल काठाची पट्टी बांधायची, म्हणजे निदान त्याला तरी कुणी हात लावू नये. लोकांना वाटायचं, बाई स्वतःच्या तिरडीसाठी राखतेय.

आणि गंमत बघा, कुंपणाला बांबू लागला की ही बाजारातून विकत आणायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गावाने काय कमी बोललं तिला? "पेही, वर जाताना बेट बरोबर नेणार का गं?" तीही काही कमी नव्हती. "नेईन की. आणि तुला शेंड्याला बांधून नेईन." पण खरं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नाही. बोललं की बांबूच्या कानावर जातं, म्हणायची. मला माहीत होतं. नावेतून उतरवल्यापासून मला सगळंच माहीत होतं. मीही गप्प राहिलो. पोरांना एकदा सांगून ठेवायला हवं होतं. ती माझी पहिली चूक. दुसरी पुढे येईल.

रातुल मोठा झाला. उंच, सावळा, हसला की डोळे मिटायचे त्याचे. वर अरुणाचलात रस्त्याच्या कामावर लागला. दोन वर्षं बिहूला घरी आला नाही, सुट्टी मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी चिठ्ठी आली. उरुकाला येतो, बदक आणि कोहळा करून ठेव.

ते साल दोन हजार तीन. पौषातली शेवटची रात्र, आजच्यासारखीच. वार मंगळवार. मंगळवारी बांबूला कोयता लावत नाहीत, हेही सांगायला हवं का तुम्हाला? पण चोवीस वर्षांच्या पोरांना कुठला वार आणि कुठलं काय. चंद्र होता, पण धुक्याने गिळलेला. दहा पावलांपलीकडचं काही दिसू नये असं धुकं.

भेलाघर त्या वर्षी शाळेजवळ बांधलं होतं, इथून बांधाच्या रस्त्याने मैलभर. मेजीच्या मधोमध उभा करायला एक उंच, जाड बांबू हवा होता. पदुम म्हणाला, "आज पेहीचा गामोसावाला आणतो." सगळे हसले. खगेन त्याच्याबरोबर निघाला. खगेन आता तेजपूरला असतो. त्याला विचारलंत तर म्हणेल, असं काही घडलंच नाही.

पुढचं मी पदुमच्या तोंडून ऐकलं. त्याच रात्री, त्याचे दात वाजत असताना.

साडेअकराला दोघं बेटाशी पोचले. पुढच्या दाराशी दिवा होता. पेही उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत होती. स्वयंपाकघरातून बदकाचा वास येत होता. पेहीचं सगळं लक्ष पुढे, आणि बेट घराच्या मागे. पदुमने कोयता काढला.

बेटातला बांबू तोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. बुंध्याशी तोडला तरी पडत नाही, वर शेंडे एकमेकांत अडकलेले असतात. दोघातिघांनी लोंबकळून ओढावं तेव्हा सुटतो, आणि सुटताना गाव जागं करतो. त्यात हे बेट दहा वर्षांत कोयता न लागलेलं. आत हात शिरणार नाही इतकं दाटलेलं.

पदुमने सहा घाव घातले. सातवा घालावा लागला नाही.

बांबू खाली आला. हळू. सरळ. एक पान वाजलं नाही. वरून कुणी हात धरून उतरवावा तसा.

खगेन कुजबुजला, "पदुम, ठेवून जाऊ या."

"का? पेही उठेल म्हणून?"

"आवाज कसा नाही झाला?"

"तुझं नशीब थोर म्हणून. धर मागून."

शेंडा छाटला. पट्टी तशीच राहू दिली, भेलाघरात दाखवायला. पदुम पुढे, खगेन मागे. बांबू खांद्यावर घेतला आणि बांधावर चढले.

हिरवा बांबू जडच असतो. पण शंभरेक पावलं गेले असतील, खगेन म्हणाला, "हा जड होतोय रे."

"तू म्हातारा होतोयस."

आणखी शंभर पावलं. आता पदुमलाही कळलं. खांद्यात रुतत होता. मधेच काहीतरी ठेवल्यासारखा बांबू वाकत होता. आणि पदुमच्या मानेवर थेंब पडला. मग दुसरा. पेरात पाणी असतं कधी कधी, असेल, असं म्हणाला मनाशी. पण पाण्याला वास होता. नदीचा. गाळाचा.

"खांदा बदलू," खगेन म्हणाला. "थांब जरा."

तेवढ्यात दोघांच्या मधून आवाज आला.

"मी देऊ का खांदा?"

भेलाघरातलाच कुणी शोधत आला असेल, असं वाटलं पदुमला. "दे बाबा दे, पुण्य लागेल," तो म्हणाला. बांबू हलका झाला. एकदम हलका. तिघं चालू लागले. पुढे पदुम, मधे तो, मागे खगेन.

"कोण रे तू?" पदुमने पुढे बघतच विचारलं. खांद्यावर बांबू असला की मागे वळता येत नाही.

"मीच."

"कुठून आलास?"

"घाटावरून. फेरी चुकली."

पदुम चार पावलं चालला. मग त्याच्या डोक्यात आलं... फेरी चुकली तर माणूस नदीच्या त्या तीराला असतो. या तीराला कसा?

"मग आलास कसा?"



खगेनला समोर पाठ दिसत होती, हे त्याने दुसऱ्या दिवशी एकदाच सांगितलं. सदरा ओला, अंगाला चिकटलेला. पौषाची थंडी, आणि हा माणूस कुडकुडत नव्हता. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. रस्त्यावर पडत होतं. आवाज होत नव्हता.

खगेनने बांबू सोडला.

पदुमला त्याचे पाय ऐकू आले. उलट दिशेला पळणारे. दूर जाणारे... मग तेही नाहीत.

मागचं टोक जमिनीवर आदळायला हवं होतं. आदळलं नाही.

पदुम चालत राहिला. थांबायचं धैर्य नव्हतं. बांबू खांद्यावर तसाच. सरळ. हलका. मागे कुणीतरी धरलेला.

"चांगला जाड झालाय रे," मागचा म्हणाला. "मीच लावला होता."

...

"आईने मारलं होतं मला तेव्हा."

...

"दिवा लावलाय का तिने?"

 पदुमने मान हलवली. हो.

"मग मला घरी ने ना, पदुमदा."

काय रे, शेकोटी का कमी केलीत? लाकूड टाका. टाका दोन.

पदुम आधी काय होता, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. गावातला सगळ्यांत वांड पोरगा. कुणाच्या बापाला भीत नसे, आणि कुणाची कीव करणंही त्याच्या स्वभावात नव्हतं. तो बांबू टाकून पळाला असता तर मी त्याला दोष दिला नसता. तो पळाला नाही. मला म्हणाला, "काका, तो इतक्या साध्या आवाजात बोलला. थकलेला माणूस बोलतो तसा."

"वळ," मागचा म्हणाला. "मी धरलंय. मागे बघू नकोस."

पदुमने डोळे मिटले आणि वळला. मागचं टोक त्याच्याबरोबर फिरलं. सांभाळून. बांधाच्या कडेचं शेवरीचं झाड चुकवून.

मग परतीची वाट.  पदुम रडत होता. मागे पावलं वाजत नव्हती. फक्त मानेवर थेंब. आणि बांबू पाऊलभरही घासला नाही.

अंगणात आले. पेहीने बिहूसाठी अंगण सारवलं होतं. पेही उंबऱ्यावर तशीच. हातात दिवा. ती उठली. तिची नजर पदुमवर नव्हतीच. पदुमच्या खांद्यावरून मागे बघत होती. आणि तिचं सगळं तोंड उजळलं. तसं उजळलेलं तोंड मी जन्मात पाहिलं नाही, असं पदुम म्हणतो.

"आलास? किती रे भिजलास... आत ये. पाणी गरम केलंय."

...

"ये ना."

मग मागचं टोक खाली टेकलं. हळू. झोपलेलं पोर उठू नये म्हणून ठेवतात तसं.

पेहीची नजर खाली आली. बांबूवर. पट्टीवर. बराच वेळ तिथेच राहिली. दिव्याचं तेल तिच्या हातावर सांडत होतं, तिला कळत नव्हतं.

पदुम तिच्या पायांवर पडला. "पेही, मी तोडला. मला माहीत नव्हतं गं."

तिने एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, पदुमला पुढची बावीस वर्षं जड गेली नसती. ती एवढंच म्हणाली, "सारंगला उठव. म्हणावं, नाव काढ. पोर माझं गार पाण्यात आहे."

रात्री दोनला पदुमने माझं दार ठोठावलं. त्याने "रातुल" म्हटलं आणि मी तिथेच जमिनीवर बसलो.

ही माझी दुसरी चूक. ऐका.

त्या दुपारी पलीकडच्या घाटावरून चारची शेवटची फेरी मीच सोडली. साठ माणसं बोटीत, सगळ्यांना उरुकासाठी घरी जायचं. धुकं उतरायला लागलेलं. दहा मिनिटं थांबलो होतो, त्याहून जास्त थांबणं बरं नव्हतं. भोंगा दिला, दोर सोडला. तीर सोडून पंधरा हात आलो असेन, मागून हाक आली. "सारंगकाका! थांबा! मी आलो!" तीर दिसत नव्हता. आवाज ओळखला नाही मी... ओळखला. कशाला खोटं बोलू? लहानपणापासून तो मला त्याच आवाजात हाक मारायचा. मी मनाशी म्हटलं, असेल कुणीतरी. कुणीतरी नेहमीच मागे राहतं. उद्या सकाळच्या फेरीने येईल.

त्याला सकाळपर्यंत थांबायचं नव्हतं. आई दिवा लावून बसणार, त्याला माहीत होतं. घाटाला बांधलेली कुणा कोळ्याची लहान होडी त्याने सोडली. नदीवर वाढलेलं पोर, त्याला वाटलं जमेल.

सकाळी दहाला धुकं उठलं तेव्हा खालच्या वाळूच्या बेटाला लागलेली होडी दिसली. उलटी. तो तिच्यापासून थोड्या अंतरावर होता. पाठीला पिशवी बांधलेली. पिशवीत लोकरीची शाल, दुकानातल्या घडीतच. मीच त्याला बोटीत घेतलं. फार हलका होता रे तो.

तिरडी त्याच बांबूची केली. पेहीनेच सांगितलं. "त्याने लावलाय, त्यालाच द्या." पदुमने खांदा दिला. तो शेवटचा.

पदुम म्हणतो, मी बांबू तोडला म्हणून रातुल गेला. मी त्याला शंभरदा समजावलंय, अरे गाढवा, पोर संध्याकाळी पाण्यात गेलं, तुझा कोयता लागला साडेअकराला. तो ऐकत नाही. तो म्हणतो, काका, तुमचा काही दोष नाही, बांबूनेच त्याला मागून घेतलं. मी ऐकत नाही. बाजारात भेटलो की दोघं चहा पितो आणि दुसरंच काहीतरी बोलतो. त्यानंतर सोळा वर्षं मी फेरी चालवली. उरुकाची शेवटची फेरी एकदाही वेळेवर सोडली नाही. लोक ओरडायचे. ओरडा म्हणायचो. तीन भोंगे द्यायचो आणि तीराकडे बघत उभा राहायचो.

दिवसकार्य झाल्यावर पेहीने बागेचं फाटक काढून टाकलं. "न्या," म्हणाली सगळ्यांना. "आता कुणासाठी राखू?" तुमच्या घरांची कुंपणं, गोठे, हे भेलाघर, सगळ्यात तिचा बांबू आहे. दहा वर्षं जिने एक काडी दिली नाही, तिने दोन वर्षांत निम्मं बेट वाटलं. आणि तुम्हाला सांगतो, तोडल्यावर ते बेट काय फुटलं! अंगठ्याएवढे नव्हे, मनगटाएवढे कोंब.

पण तो खुंट. पदुमने तोडला त्याचा.

तोडलेल्या बांबूचा खुंट तीन-चार वर्षांत वाळतो, कुजतो, मातीत जातो. हा वाळला नाही. पहिल्या फाल्गुनात मी एकदा पेहीकडे गेलो होतो. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता, शेतं भेगाळलेली. पेही बेटाशी गुडघ्यावर बसली होती. हातात नवा गामोसा. खुंटाच्या पोकळीत घालून पुसत होती. पिळत होती, पुन्हा पुसत होती.

मी विचारलं, "ताई, काय करताय?"

वर न बघता म्हणाली, "ओला आहे रे अजून. किती पुसलं तरी ओलाच होतो."

मी तिथे उभा राहू शकलो नाही. पळालोच म्हणा ना.

रोज संध्याकाळी पुसायची. सात वर्षं. मग तीही गेली, तिची तिरडीही याच बेटातली. त्यानंतर दर उरुकाला मी पुसतो. मी थांबलो नाही रे त्याच्यासाठी. निदान एवढं तरी करतो.

आज चारला पुसून आलोय. तळापर्यंत. कोरडा ठाक करून. आता नऊ वाजायला आलेत. जुनमणि, मघापासून तू हसलेली नाहीस. मला शास्त्र कळत नाही, तुला कळतं. फोनचा उजेड घे आणि जाऊन बघून ये. पन्नास पावलं आहेत. पाय देऊ नकोस त्याच्यावर. फक्त दोन बोटं घाल आत.

...

बदक हलवा रे कुणीतरी. खाली लागेल.

...

आलीस? काय गं?... बोल की.

दव असेल, म्हणतेस. असेल. दवाने ओलं होतं सगळं. बघू, हात इकडे कर. उजेडात धर.

दवात वाळू नसते, पोरी.

झटकू नकोस. राहू दे. हा गामोसा घे, माझे गुडघे आज पुन्हा वाकायचे नाहीत. जा परत... भिऊ नकोस, तो कुणाला काही करत नाही. लहान पोराचं डोकं पुसतो ना आपण, तसं पूस. हळू.